जुन्या ट्रॅक्टरला वाली कोण?

नवा ट्रॅक्टर घेतला की शोरूममध्ये त्याला हार घालतात, नारळ फुटतो, चावी हातात धरून फोटो निघतो. अनुदानातला असेल तर फोटोत एखादा पुढारीही उभा असतो. पंधरा वर्षांनी त्याच ट्रॅक्टरचं हेड उतरवून गॅरेजच्या ओट्यावर ठेवलेलं असतं, तेव्हा तिथं दोनच माणसं असतात : शेतकरी आणि मिस्तरी. कृषी खातं नसतं, बँक नसते, कंपनी नसते, पुढारी तर नसतोच. नाशिक जिल्ह्यातल्या छोट्या शेतीची फार मोठी लढाई या ओट्यावर चालते आणि तिच्याबद्दल सरकारदरबारी कुणी चकार शब्द काढत नाही. या आठवड्यात तेवढंच बोलायचं आहे.

आधी जमिनीचं बघू. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. साडेदहा एकरांची सव्वातीन एकर झाली. याच काळात बैलजोडी सांभाळणं परवडेनासं झालं, सालगडी मिळेनासा झाला आणि नांगरटीपासून फवारणीपर्यंत सगळं ट्रॅक्टरवर आलं. पन्नास एचपीच्या आसपासचा नवा ट्रॅक्टर आज आठ लाखांच्या घरात जातो. द्राक्षबागेत चालणारा छोटा घ्यायचा तरी चार-पाच लाख लागतात. तीन एकरांतून हा हप्ता निघत नाही, कुणीही कागद-पेन घेऊन मांडून बघावं. मग माणूस पिंपळगाव, लासलगाव, चांदवडकडच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीवाल्यांकडे जातो आणि बारा-पंधरा वर्षांचा, दोन मालकांच्या हाताखालून गेलेला ट्रॅक्टर घरी आणतो.

हा निर्णय शहाणपणाचा आहे. जुनं घेणारा शेतकरी मागासलेला आणि नवं घेणारा प्रगतिशील, ही जी समजूत कृषी प्रदर्शनांच्या मांडवात पसरवली जाते, ती खोटी आहे. जुन्या ट्रॅक्टरांमधली कितीतरी मॉडेलं फार भक्कम बांधणीची होती. महिंद्राचा बी-२७५ घ्या. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी करून मुंबईत कंपनी काढली, तेव्हा हे मॉडेल आलं आणि कितीतरी दशकं विकलं गेलं. १९६० साली मद्रासला सुरू झालेल्या टॅफेचा मॅसी १०३५ घ्या. या यंत्रांत लपवाछपवी नव्हती. पान्यांचा एक संच, एक जॅक आणि कान शाबूत असलेला मिस्तरी एवढ्यावर ती उघडता येत, जोडता येत. पुष्कळांचा तिसऱ्यांदा बोअर झालेला आहे आणि ती अजून रोटाव्हेटर ओढत आहेत.

अडचण यंत्राच्या वयात नसते, ते कधी बंद पडतं यात असते.

द्राक्षाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, नवी कोवळी फूट निघाली आणि त्यात पाऊस आला की डाऊनी मिल्ड्यू पानावर बसायला एक ओली रात्र पुरते. पान काही तास ओलं राहिलं की बुरशीचं काम झालं. पाऊस उघडल्यावर फवारणीला जो वेळ मिळतो तो तासांत मोजायचा असतो. बाग फवारायची तर ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर लागतो, ब्लोअरला पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे लागतात आणि ते देणारं इंजिन त्या पहाटे चालू व्हावं लागतं. ते झालं नाही तर? भाड्याने घ्या, असं सल्लागार सांगतात. त्या पहाटे गावातला प्रत्येक ब्लोअर स्वतःच्या मालकाच्या बागेत फिरत असतो. शेजारी कितीही चांगला असला तरी तो आधी आपली दोन एकर वाचवणार, आणि त्याने तेच करायला हवं. तुमच्याकडे तो येतो दुपारनंतर, तोवर बुरशी पानात शिरलेली असते.

२६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. तशा माऱ्यात मणी फुटतात, काडीला जखमा होतात आणि जे वाचलंय ते वाचवायला लगेच फवारणी घ्यावी लागते. चिखलात, चिपचिप जमिनीत, ओझ्याखाली ट्रॅक्टर घालावा लागतो. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच पावसाने सुरुवात केली आणि द्राक्षपट्ट्याला उसंत दिली नाही. त्या वर्षी फवारण्यांचा हिशेब लिहिणाऱ्यांच्या वह्या भरल्या. पंचनामा होतो तो घडांचा. तलाठी येतो, कृषी सहायक येतो, टक्केवारी लिहितात. त्याच आठवड्यात चिखलातून ब्लोअर ओढून ज्याची क्लच प्लेट जळाली, त्याचा रकाना त्या अर्जात नसतो.

आणखी एक गोष्ट, जी द्राक्षबागेबाहेरच्या माणसाला माहीत नसते. बागेतला छोटा ट्रॅक्टर औषधानेच सडतो. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतो, तो लोखंडाला खातो. गंधकाची फवारणी वायरिंगवर, बॅटरीच्या टर्मिनलवर, पत्र्यावर बसते. ब्लोअरचा तुषार मागून निघतो तरी वाऱ्याने पुढे येतो आणि रेडिएटरच्या जाळीवर ओल्या पानांसकट चिकटतो. जाळी चोंदली की पाणी तापतं. तापलं की हेड गॅसकेट जातं. गॅसकेट गेल्यावरही पाणी ओतत ओतत दोन ओळी उरकल्या की हेडला तडा जातो. जो ट्रॅक्टर नांगरटीत वीस वर्षं टिकतो तो बागेत दहा वर्षांत खिळखिळा होतो, त्याचं कारण हे आहे. द्राक्षाच्या उत्पादन खर्चात औषधाचा आकडा धरतात, मजुरीचा धरतात, पॅकिंगचा धरतात. औषधाने खाल्लेल्या ट्रॅक्टरचा आकडा मी कुठल्याही चर्चासत्रात ऐकलेला नाही.

कांद्याच्या गावांत वेगळं दुखणं. तिथं ट्रॅक्टर शेतात जेवढा चालतो तेवढाच रस्त्यावर. उन्हाळ कांदा चाळीतून काढून ट्रॉलीत भरायचा, लासलगावला किंवा पिंपळगावला रांगेत उभं राहायचं, लिलाव झाला की खाली करायला आणखी पुढे जायचं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. मागचा सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आणि क्लचवर येतो. चांदवडजवळ राहुड घाट उतरताना भरलेली ट्रॉली मागून ढकलते, तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखाली जे असतं ते झिजलेलं ब्रेक लायनिंग असतं. इकडे इगतपुरीकडे भाताची चिखलणी. चाकं अर्धी पाण्यात, एक्सलचं ऑइल सील गेलं की आत गाळ शिरतो आणि बेअरिंग ओरडायला लागतं. एकाच जिल्ह्यात ट्रॅक्टर मरायच्या तीन-चार तऱ्हा आहेत आणि प्रत्येक तालुक्यातला मिस्तरी आपल्या तालुक्याच्या तऱ्हेत तरबेज झालेला आहे.

पण या सगळ्याच्या वर एक कारण आहे आणि आजचं माझं खरं म्हणणं तिथं आहे.

इंजिन बहुतेक वेळा अचानक मरत नाही. ते आधी दोन-तीन हंगाम उपाशी राहिलेलं असतं. साधारण २५० तासांना ऑइल बदलायचं असतं, फिल्टर बदलायचे असतात. जुन्या ट्रॅक्टरांना हवा गाळायला ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. धुळीच्या दिवसांत त्याच्या वाटीतलं तेल रोज बघावं लागतं. ते केलं नाही तर काळ्या मातीची धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरसारखी लायनर घासते. रिंगा सैल पडतात, कॉम्प्रेशन उतरतं, इंजिन तेल प्यायला लागतं, निळसर धूर येतो. उन्हाळ्यात हे निभावून जातं. मग निफाडची थंडी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या आसपास उतरल्याची बातमी छापून येते, त्याच पहाटे तालुक्यातली सैल पडलेली इंजिनं सेल्फ मारून मारून बॅटऱ्या उतरवतात आणि चालू होत नाहीत.

वेळेवर तेल न बदलणारा शेतकरी आळशी असतो का? ज्यांना तसं वाटतं त्यांनी तारखा बघाव्यात. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव थांबले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली, ऐन लाल कांदा बाजारात येत असताना. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य या अटींवर. शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आलं आणि पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. शुल्क लागल्यापासून पूर्ण जाईपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला. या काळात ज्याच्या हातात पैसा आखडला त्याने कुठला खर्च थांबवला असेल? मजूर थांबत नाही. मुलीची फी थांबत नाही. बियाणं थांबलं तर पुढचा हंगामच गेला. थांबवता येतं ते एकच, ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग, कारण ती चुकवली तरी ट्रॅक्टर उद्याही चालतो. दोन-तीन हजारांचं तेल आणि फिल्टर पुढे ढकलले जातात आणि दीड-दोन वर्षांनी साठ-सत्तर हजारांचं इंजिनचं काम निघतं. दिल्लीतला आदेश आणि चांदवडच्या गॅरेजातला जाम झालेला पिस्टन यांच्यात अंतर फक्त काळाचं आहे.

२०१८ च्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे मिळालेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शीकडच्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून, खर्च वजा जाता, दोन रुपयांचा चेक मिळाला. दोन्ही बातम्या देशभर गाजल्या. १,०६४ रुपयांत ट्रॅक्टरच्या एका खेपेचं तेलसुद्धा येत नाही. भाव पडला की सरकार कधीतरी क्विंटलला काही रुपये जाहीर करतं. २०२३ मध्ये ३५० रुपये जाहीर झाले. ते पैसे हातात येईपर्यंत इंजिन वाट बघत नाही.

आता गॅरेजात चला. जिल्ह्यातल्या कुठल्याही हमरस्त्यावरच्या गॅरेजात हे बोलणं ऐकू येईल :

"नाना, लायनर खाल्लंय. बोअर-पिस्टन टाकावा लागंल."

"नुसत्या रिंगा टाकून भागंल का?"

"भागंल. पण दोन महिने. मग परत माझ्याकडंच याल."

"दोन महिने चालू दे. तोवर माल निघंल."

मिस्तरीला माहीत असतं की हे काम अर्धवट आहे. नानांनाही माहीत असतं. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. पुढचा प्रश्न पार्टचा येतो. कंपनीचा घ्यायचा की लुधियानाचा, की राजकोटचा? दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून निघालेले सुटे भाग तालुक्याच्या दुकानापर्यंत येतात आणि त्यात चांगले, बरे आणि निव्वळ नकली एकाच फळीवर असतात. खोका हुबेहूब, होलोग्राम हुबेहूब. नकली बेअरिंग तीस तासांत शाफ्ट खातं. त्याचा जाब विचारायला शेतकरी कुठं जाणार? खताची नकली गोणी सापडली तर कृषी खात्याचा निरीक्षक नमुना घेतो, गुन्हा दाखल होतो. नकली क्लच प्लेटचा नमुना घेणारा निरीक्षक जिल्ह्यात मला कुणी दाखवावा.

ज्यांच्या कंपन्याच उरल्या नाहीत त्यांचं दुखणं आणखी खोल आहे. एचएमटी ही सरकारची कंपनी. १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला झेटॉरच्या तंत्राने ट्रॅक्टर बनवत होती. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅक्टरचा तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. कामगारांच्या देण्यांचा विचार झाला, जमिनीचा झाला. शेतांत उभ्या असलेल्या एचएमटींच्या गिअरचं काय होणार, हा विषय शेतकऱ्यांवर आणि मिस्तऱ्यांवर सोडून दिला गेला. त्यांनी तो निभावला. मोडलेल्या एका ट्रॅक्टरवर दोन जगवले, लेथवर बुश वळवून घेतले, दुसऱ्या कंपनीचा पंप बसवून दाखवला. या कामाला 'जुगाड' म्हणून हसण्याची फॅशन आहे. मला ते अभियांत्रिकीचं काम वाटतं, आणि ते करणाऱ्याला तसा मान आणि तसे पैसे मिळायला हवेत.

करांचं गणित बघून तर रक्त तापतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा नव्या ट्रॅक्टरवर १२ टक्के कर ठरला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर आधी २८ टक्के ठरवला होता, ओरड झाल्यावर १८ केला. टायर-ट्यूबवरही १८. आठ वर्षांहून जास्त काळ या देशाचा कायदा असा होता की नवं घेणाऱ्याने कमी कर द्यावा आणि जुनं टिकवणाऱ्याने जास्त. हा उलटा कायदा कुणाच्या सोयीचा होता हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, त्याचे टायर आणि बरेच भाग ५ टक्क्यांवर आले. चांगलं झालं, मनापासून स्वागत आहे. आता दुकानदारांच्या बिलांवर ही कपात पोचली का, हे तालुक्या-तालुक्यात कुणीतरी तपासावं. रोखीने आणि बिलाशिवाय घेतलेल्या पार्टवर कमी झालेला कर कुणाच्या खिशात जातो हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही, म्हणून पक्कं बिल मागा.

अनुदानाची तऱ्हा तीच. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरणाचं उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे, राज्याची स्वतःची योजनाही आहे. महाडीबीटीवर अर्ज करा, निवड होऊ द्या, कोटेशन जोडा, सरकारमान्य तपासणी झालेलं मॉडेल घ्या, मग लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टरवर सव्वा लाखापर्यंत अनुदान. म्हणजे उरलेले तीन ते सात लाख ज्याच्याकडे आहेत किंवा ज्याला बँक उभं करते, त्याला सव्वा लाख मिळतात. ज्याच्याकडे मुळात सात लाख नाहीत आणि ज्याचं काम साठ हजारांच्या इंजिनकामाने आणखी आठ वर्षं चालेल, त्याला शून्य. एका नव्या ट्रॅक्टरच्या अनुदानात दोन जुनी इंजिनं उभी राहतात. गावागावांत अवजारे बँका काढल्या, त्यांनाही खरेदीवर पैसा दिला. घेतलेलं अवजार तिसऱ्या वर्षी बंद पडलं तर ते कुणी दुरुस्त करायचं, याचं उत्तर त्या बँकेच्या सभासदांनी आपल्या खिशात शोधायचं.

आणि आता ती गोष्ट, जी मला सर्वांत जास्त टोचते. दुरुस्तीसाठी पैशाची तरतूद अजिबात नाही असं नाही. आहे. रिझर्व्ह बँकेच्या किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत मर्यादा कशी ठरवायची हे लिहिलेलं आहे : पिकाच्या कर्जदराने क्षेत्रावर येणारी रक्कम, तिच्यावर दहा टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी, आणि वीस टक्के शेतीतल्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी. वीस टक्के! पिकापोटी एक लाखाची रक्कम बसत असेल तर दुरुस्तीसाठी त्यावर वीस हजार. बँकेच्या व्याजाने. एका हंगामाचं तेल, फिल्टर, क्लच प्लेट आणि मिस्तरीची मजुरी त्यात भागते, आणि पुढचं साठ हजारांचं काम टळतं.

हा रकाना किती जणांना माहीत आहे? मी ज्या ज्या शेतकऱ्यांना विचारलं त्यांतल्या फारच थोड्यांनी तो ऐकला होता. सोसायटीच्या सचिवाने सांगितला नाही, बँकेच्या शाखेने सांगितला नाही, कृषी मेळाव्याच्या व्यासपीठावरून तर कुणीच नाही. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक थकबाकीमुळे गेली अनेक वर्षं अडचणीत आहे आणि तिच्यावर विसंबून असलेल्या विकास सोसायट्यांचे सभासद तिच्यासोबत अडकले आहेत. त्यामुळे कितीतरी जण इंजिनच्या कामाला खासगी फायनान्सकडे, नाहीतर सोनं घेऊन सराफाकडे जातात. नियम कागदावर शेतकऱ्याच्या बाजूने आहे आणि त्याला तो माहीत होऊ दिलेला नाही.

इथं कुणी म्हणेल, जुने ट्रॅक्टर भंगारातच निघणार आहेत, कशाला त्यांच्यामागे लागायचं? ही भीती २०२३ मध्ये मोबाइलवरून गावोगाव पसरली होती की दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर सरकार जप्त करून तोडणार. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुलासा करावा लागला : शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे, पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. एमएच-१५ आणि एमएच-४१ च्या जुन्या मालकांनी धीर धरावा, कागद चालू ठेवावेत आणि या भीतीचा फायदा घेऊन मातीमोल भावात ट्रॅक्टर मागणाऱ्या दलालाला दारातून परत पाठवावं.

पुढचं संकट मात्र अफवा नाही. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. हवेसाठी ते योग्यच आहे. त्यासाठी इंजिनात कॉमन रेल आलं, सेन्सर आले, संगणक आला. आता बिघाड कुठं आहे हे कानाने कळत नाही, कंपनीचं सॉफ्टवेअर लावून बघावं लागतं, आणि ते सॉफ्टवेअर गावच्या मिस्तरीला मिळत नाही. आज पन्नासच्या वर आहे, उद्या छोट्या ट्रॅक्टरांपर्यंत येईल. पंधरा वर्षांनी हेच ट्रॅक्टर जुन्या बाजारात तीन एकरवाल्याच्या हाती पडणार. तेव्हा डाऊनीच्या पहाटे एक सेन्सर गेला म्हणून इंजिन बंद राहणार आणि तालुक्याचा मिस्तरी हात बांधून उभा राहणार.

अमेरिकेत हीच लढाई मोठमोठ्या शेतकऱ्यांनी लढली. कोलोरॅडो राज्याने एप्रिल २०२३ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून शेती यंत्रांच्या कंपन्यांना दुरुस्तीची माहिती, अवजारं आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला व स्वतंत्र मिस्तरीला द्यावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरला याच मुद्द्यावर कोर्टात खेचलं. त्याच कंपनीचा कारखाना आपल्याकडे पुण्याजवळ सणसवाडीला आहे. आपल्याकडे काय झालं? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. चार क्षेत्रं निवडली, त्यांत शेतीची अवजारं होती. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल उघडलं. कायदा अजून आलेला नाही. नाशिक जिल्ह्यातून निवडून गेलेल्या खासदारांनी संसदेत कांद्यावर आवाज उठवला, तो उठवायलाच हवा होता. आता त्यांनी ट्रॅक्टरच्या दुरुस्ती-पुस्तिकेवरही एक प्रश्न विचारावा : मराठीत, छापील, प्रत्येक मॉडेलची, आणि संगणकाचं कुलूप उघडणारं साधन वाजवी किमतीत कधी मिळणार?

मिस्तरींच्या पिढीचंही बघा. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण तिथून बाहेर पडलेला मुलगा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जातो, नाहीतर अंबड-सातपूरला कारखान्यात लागतो, आणि त्यात त्याची चूक नाही. गावच्या गॅरेजात उरलेल्या वस्तादांचं वय साठीकडे झुकलेलं आहे. इनलाइन पंप खोलून नोझलचं प्रेशर नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या या माणसांकडे दोन-दोन शिकाऊ मुलं ठेवायला विद्यावेतन दिलं, तर एका तालुक्याला वर्षाकाठी किती खर्च येईल? एका कृषी महोत्सवाच्या मांडवापेक्षा कमी येईल, एवढं मी खात्रीने सांगतो.

यांतल्या बहुतेक गोष्टी शेतकऱ्याच्या हातात नाहीत. वीस टक्क्यांचा रकाना मात्र उद्या सकाळी विचारता येतो. कर्ज नव्याने मिळवताना किंवा नूतनीकरण करताना सोसायटीच्या सचिवाला, शाखाधिकाऱ्याला स्पष्ट विचारा : माझ्या किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत देखभाल-दुरुस्तीचे वीस टक्के धरले आहेत का, आणि धरले असतील तर रक्कम किती? तोंडी उत्तर घेऊ नका, अर्जावर लिहून घ्या. नाही म्हणाले तर का नाही तेही लिहून मागा. नकाराचं ते उत्तर या सदराच्या पत्त्यावर पाठवा. तुमचं नाव झाकून, शाखेचं नाव ठेवून, मी ते इथं छापीन.